गुंजभर

बारबारच्या अलीकडे चेन पडली.
सायकल शफिकुलची, माळ्याची; शुक्रवारपुरती माझी.
खजुराच्या सावलीत उलटी केली,
बोटं काळी झाली, बरं वाटलं.
एरवी ती पिवळ्यासाठीच काळी होतात.

मी गलाईवाला, विट्याकडचा.
मनामाच्या सोनारगल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
मूस, तेजाब, भट्टी
आणि पोत्यांतून दुकानांची झाडलेली धूळ.
जाळायची, धुवायची, गाळायची.
तळाशी उरतं ते मालकाचं,
उडून जातं ते छातीत बसतं.

सकाळी आलीत होतो.
तिथं घरांच्या मधेमधे थडग्यांच्या टेकड्या,
चार हजार वर्षांच्या,
आणि त्यांना खेटून चालू असलेली कुंभारभट्टी.
हाजी मकी चाकावरून न उठता म्हणाला, हिंदी?
मी म्हटलं, हो. दहब. सोनं.
तो हसला. त्यानं पाणी दिलं,
आणि निघताना, का कोण जाणे,
चाकावरचा मातीचा एक गोळा
लिंबाएवढासुद्धा नसेल
हातावर ठेवला.

मोठ्या टेकड्यांच्या कुशीला लहान टेकाडं आहेत.
लेकरांची, असं मकीनं हातानं दाखवलं,
जमिनीपासून एवढी उंची.
मी पॅडल मारलं.
रेवू तेवढीच असेल आता. फोनवर उंची कळत नाही.

सारपासून शमाल समोरून लागला.
डोळ्यांत, दातांत वाळू,
आणि रस्ता तर सपाट, चढाचं निमित्तही नाही
थांबायला.

बारबारच्या देवळात देव नाही.
पायऱ्या उतरतात एका विहिरीत,
पाटी सांगते, इथं गोड्या पाण्याचा देव राहायचा.
तळाशी वाळू आणि लबानची रिकामी बाटली.
आमच्याकडे उलटं:
देव जागेवर, पाणी टँकरनं.

किल्ल्याशी पोचलो तर ऊन कललेलं.
समुद्र एवढा उथळ की माणसं
गुडघ्याएवढ्या पाण्यात पार लांबवर उभी.
संग्रहालयात गार हवा. तिच्यासाठीच शिरलो, खोटं कशाला बोला.
एका वाडग्यात साप, नुसती हाडं,
वेटोळं न मोडलेली, आणि सोबत एक मोती.
घराच्या जमिनीखाली पुरलेला.
धनावर नाग बसतो, आमच्या आप्पांनीही सांगितलेलं,
पण एवढ्याशा मोत्यावर?

पुढच्या काचेत एक दगडी ठोकळा.
चौकोनी, गुळगुळीत, कडा झिजलेल्या.
वजन. सिंधूकडचं, म्हणे.
बाकीचे लोक पुढं गेले. मी नाही.
हात आपोआप तोलायला लागला काचेअलीकडे:
तोळ्यावर दोन मासे. फार तर एखादी गुंज इकडेतिकडे.
म्हणजे कुणीतरी आपला काटा
गाठोड्यात बांधून, होडीत बसून आलेला,
इथल्या मापावर भरवसा नव्हता म्हणून,
किंवा तिकडच्या सवयीनं.
त्याच्याही हातांना वास येत असेल कशाचा तरी.
रखवालदारानं किल्ल्या वाजवल्या.

परतताना दिवे लागले. चेन दोनदा पडली.

मागच्या महिन्यात रेवूच्या कानांतलं पाठवलं होतं.
सुनंदा फोनवर म्हणाली,
सराफानं गुंजभर कमी भरवलं.
मी इथं तीनदा मोजलेलं. तरी गप्प बसलो.

शनिवारी, मालक यायच्या आत,
मकीचा गोळा काट्यावर ठेवला.
काटा ग्रॅम दाखवतो, गुंजा मी मनात करतो.
एक तोळा, नऊ मासे.
सोमवारी पुन्हा ठेवला: गुंजभर कमी.
गुरुवारी आणखी थोडा.
कुणी हात लावला नव्हता.
ओल जात होती.

रात्री सुनंदाला फोन केला.
म्हटलं, सराफाशी भांडू नको.